संचालन प्रणालीच्या अपग्रेडनंतर संगणक मंदावणे

संचालन प्रणालीच्या अपग्रेडनंतर संगणक मंदावणे ही वैयक्तिक संगणकांच्या वापरात वारंवार आढळणारी समस्या आहे. संगणकावरील जुनी संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, काढून तिच्या जागी नवी आवृत्ती बसवल्यावर संगणक सुरू होण्यास, आज्ञावली उघडण्यास किंवा टंकलेला मजकूर पडद्यावर उमटण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागू लागतो. हा मंदपणा दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार तात्पुरता असून अपग्रेडनंतर पार्श्वभूमीवर चालणारी कामे संपली की तो नाहीसा होतो. दुसरा प्रकार टिकाऊ असतो. नव्या प्रणालीची गरज आणि जुन्या यंत्राची क्षमता यांचा मेळ न बसल्याने किंवा एखादा घटक नव्या प्रणालीशी न जुळल्याने तो उद्भवतो. दोन्ही प्रकारांची लक्षणे सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी किंवा संगणक निकामी ठरवण्यापूर्वी निदान करणे महत्त्वाचे ठरते.

संज्ञा

संचालन प्रणाली संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क व जोडलेली उपकरणे यांचे नियंत्रण करते आणि इतर सर्व आज्ञावलींना ती साधने वाटून देते. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर आधारलेल्या विविध प्रणाली ही तिची प्रचलित उदाहरणे आहेत.

'अपडेट' आणि 'अपग्रेड' हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जात असले तरी त्यांत फरक आहे. आहे त्याच आवृत्तीतील दोष व सुरक्षेच्या त्रुटी दूर करणाऱ्या दुरुस्तीला अपडेट म्हणतात. एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणे, उदाहरणार्थ विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणे, म्हणजे अपग्रेड. अपग्रेडमध्ये प्रणालीच्या जवळजवळ सर्व फाइली बदलल्या जातात. वापरकर्त्याच्या फाइली व बहुतेक आज्ञावली मात्र जागेवर ठेवल्या जातात. काही मोठ्या वार्षिक अपडेटमध्येही हीच पद्धत वापरली जाते, त्यामुळे त्यांच्यानंतरही असाच मंदपणा जाणवू शकतो.

संगणकाचा मंदपणा आणि इंटरनेटचा मंदपणा यांतही फरक करावा लागतो. एखादे संकेतस्थळ उशिरा उघडत असेल, पण संगणकात साठवलेली फाइल झटकन उघडत असेल, तर दोष जोडणीचा किंवा दूरच्या सर्व्हरचा असतो. अशा वेळी संगणकावर कितीही उपाय केले तरी फरक पडत नाही.

पार्श्वभूमी

संचालन प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ती सामान्यतः आधीच्या आवृत्तीपेक्षा अधिक स्मृती व अधिक साठवण मागते. मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या किमान गरजांवरून हा बदल स्पष्ट होतो.

• विंडोज एक्सपी (२००१): ६४ एमबी रॅम, १.५ जीबी साठवण
• विंडोज व्हिस्टा (२००७): ५१२ एमबी रॅम, १५ जीबी मोकळी जागा
• विंडोज ७ (२००९): ३२-बिट आवृत्तीस १ जीबी व ६४-बिट आवृत्तीस २ जीबी रॅम, अनुक्रमे १६ व २० जीबी साठवण
• विंडोज १० (२०१५): रॅमची गरज विंडोज ७ इतकीच, साठवण सुरुवातीस १६ किंवा २० जीबी, २०१९ पासून ३२ जीबी
• विंडोज ११ (२०२१): ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ६४-बिट प्रोसेसर, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप

म्हणजे वीस वर्षांत रॅमची किमान गरज ६४ पट झाली. 'किमान' या शब्दाचा अर्थ येथे मर्यादित आहे. तेवढ्या सामग्रीवर प्रणाली बसते आणि सुरू होते, इतकेच त्यातून सूचित होते. ब्राउझर, विषाणूरोधक आज्ञावली आणि छपाईची आज्ञावली एकाच वेळी सुरळीत चालतील अशी हमी त्यात नसते.

पास्कल या संगणकीय भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी इ.स. १९९५ मध्ये लिहिलेल्या एका लेखात, यंत्रे जितक्या गतीने वेगवान होतात त्याहून अधिक गतीने आज्ञावली मंद होत जातात, असे निरीक्षण मांडले. हे निरीक्षण 'विर्थचा नियम' या नावाने ओळखले जाते.

अनेक वापरकर्ते नव्या सोयींच्या आवडीने नव्हे, तर जुन्या आवृत्तीचा आधार संपल्यामुळे अपग्रेड करतात. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेल्या प्रणालीला सुरक्षेच्या दुरुस्त्या नेहमीप्रमाणे मिळत नाहीत. त्यामुळे जुन्या यंत्रावर नवी प्रणाली बसवण्याचा आणि तिच्या मंदपणाला तोंड देण्याचा प्रसंग अशा तारखांच्या आसपास मोठ्या प्रमाणावर येतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५.४३ लाख होती व तिच्यातील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. अशा जिल्ह्यात एक संगणक पुष्कळदा एका व्यक्तीचा नसून संपूर्ण गावाच्या कामाचा असतो. त्यामुळे तो मंदावल्याचा परिणामही अनेकांवर होतो.

दुग्धव्यवसायात हा जिल्हा राज्यात आघाडीवर आहे. संगणकीकृत दूध संकलन केंद्रावर वजनकाटा व फॅट तपासणारे यंत्र संगणकाला जोडलेले असते. उत्पादकाचा क्रमांक टाकला की दुधाचे वजन, फॅट, एसएनएफ व दर यांची पावती निघते. दूध सकाळी व संध्याकाळी ठरावीक वेळेतच येते आणि ते लवकर थंड करावे लागते. प्रत्येक पावतीस अर्धा मिनिट जास्त लागले, तर १२० जणांच्या रांगेत एका तासाची भर पडते.

आपले सरकार सेवा केंद्रांमधून उत्पन्नाचे, जातीचे व अधिवासाचे दाखले, तसेच इतर सेवांचे अर्ज ऑनलाइन भरले जातात. सातबाऱ्याचा उताराही आता संगणकावरच मिळतो; डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा इ.स. २०१८ पासून उपलब्ध आहे. शिष्यवृत्ती, प्रवेश परीक्षा आणि पीकविमा यांच्या अर्जांना अंतिम मुदत असते. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत केंद्रावरील एकमेव संगणक मंदावला, तर अर्जदारांना तालुक्याच्या ठिकाणी जावे लागते. साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात उसाच्या वाहनांचे वजन संगणकीकृत काट्यावर नोंदवले जाते, तेथेही अशीच स्थिती उद्भवू शकते.

अशा ठिकाणी संगणकाला फॅट तपासणी यंत्र, अंगठ्याचे ठसे घेणारे उपकरण, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन व प्रिंटर अशी अनेक उपकरणे जोडलेली असतात. यांपैकी एकाचेही नव्या प्रणालीशी जुळले नाही, तर काम अडते. म्हणून घरगुती संगणकापेक्षा या संगणकांच्या अपग्रेडचा निर्णय अधिक विचाराने घ्यावा लागतो.

मंदपणाची कारणे

पार्श्वभूमीवरील कामे

अपग्रेड पूर्ण झाल्याचा संदेश आल्यानंतरही प्रणालीचे काम संपलेले नसते. ती सर्व फाइलींची शोधसूची नव्याने बनवते, विषाणूंसाठी तपासणी करते, उरलेली अपडेट व ड्रायव्हर उतरवते आणि जुन्या फाइलींची आवराआवर करते. मॅकओएसमध्येही अपग्रेडनंतर स्पॉटलाइटची शोधसूची पुन्हा तयार होते. ही कामे काही तासांत, तर जुन्या यंत्रावर एक-दोन दिवसांत पूर्ण होतात. संगणक वारंवार बंद केल्यास ती लांबतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट वापरणाऱ्या केंद्रात अपडेट उतरवण्याचे काम संपूर्ण जोडणी व्यापून टाकते आणि त्यामुळे संकेतस्थळेही मंद भासतात.

रॅमची कमतरता

चालू आज्ञावली रॅममध्ये राहतात. रॅम अपुरी पडल्यास प्रणाली तिच्यातील काही माहिती डिस्कवरील एका फाइलमध्ये हलवते आणि गरज पडेल तेव्हा परत आणते. डिस्क रॅमपेक्षा अनेक पटींनी मंद असल्याने ही ने-आण सुरू होताच संगणक अडखळू लागतो. ४ जीबी रॅमच्या संगणकावर नवी प्रणालीच निम्मी किंवा त्याहून अधिक रॅम व्यापू शकते. उरलेल्या रॅममध्ये ब्राउझरच्या चार-पाच खिडक्याही मावणे कठीण होते.

हार्ड डिस्क

जुन्या संगणकांत फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. ५,४०० फेऱ्यांच्या तबकडीस सुमारे ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचण्यासाठी वाचकभुजा योग्य जागी सरकावी लागते आणि तबकडीचा तो भाग तिच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचताना अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचने करू शकते. एसएसडी या साठवणीत हलणारा भाग नसतो आणि तिची हीच क्षमता हजारोंमध्ये असते. नव्या संचालन प्रणाली एकाच वेळी असंख्य छोट्या फाइली हाताळतात. म्हणूनच प्रोसेसर पुरेसा वेगवान असतानाही हार्ड डिस्कमुळे संपूर्ण संगणक खोळंबतो. किमान गरजांमध्ये एसएसडी अनिवार्य नसल्याने ही बाब अपग्रेडपूर्वी लक्षात येत नाही.

अपग्रेडमध्ये डिस्कवर मोठ्या प्रमाणात लेखन-वाचन होते. आधीच झिजलेल्या डिस्कचा बिघाड पुष्कळदा याच वेळी उघड होतो. अशा वेळी नवी प्रणाली दोषी वाटते. प्रत्यक्षात डिस्क निकामी होण्याच्या मार्गावर असते.

साठवणीची टंचाई

अपग्रेडनंतर विंडोज जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये राखून ठेवते. हा फोल्डर अनेक जीबी जागा व्यापतो. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला, तर रॅमचा भार घेणाऱ्या फाइलला आणि तात्पुरत्या फाइलींना जागा उरत नाही.

ड्रायव्हर व जुळणी

प्रत्येक उपकरण चालवण्यासाठी ड्रायव्हर ही छोटी आज्ञावली लागते. पडद्यावरील चित्रे हाताळणाऱ्या चिपचा योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास प्रणाली सर्वसाधारण ड्रायव्हर वापरते. त्यामुळे खिडक्या सरकवताना व चित्रफिती पाहताना अडथळा जाणवतो. वजनकाटा किंवा फॅट तपासणी यंत्र सीरियल पोर्टवरून यूएसबीला जोडणाऱ्या तारेतील चिपचा ड्रायव्हरही जुना असू शकतो. हार्डवेअर लॉकवर चालणाऱ्या जुन्या मराठी मुद्रण-आज्ञावलींच्या बाबतीतही लॉकचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर न चालण्याची शक्यता असते.

आपोआप सुरू होणाऱ्या आज्ञावली

वर्षानुवर्षे बसवलेल्या अनेक आज्ञावली संगणकासोबत आपोआप सुरू होतात. जुन्या प्रणालीवर त्यांचा भार सोसला जात होता; नव्या प्रणालीच्या वाढीव भारात तो असह्य होतो. एकाच वेळी दोन विषाणूरोधक आज्ञावली चालू असणे हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. दोन्ही प्रत्येक फाइल तपासू पाहतात आणि परस्परांच्या कामात अडथळा आणतात.

उष्णता व धूळ

प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. अहिल्यानगर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत असून उन्हाळा कडक व हवा धुळीची असते. पंख्यात व उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांत धूळ साचलेला संगणक जुन्या प्रणालीवर कसाबसा चालत असतो. अपग्रेडनंतरच्या वाढीव कामाने तो अधिक तापतो आणि मंदावतो.

सुरक्षेच्या दुरुस्त्या

जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरच्या रचनेतील 'मेल्टडाउन' व 'स्पेक्टर' या त्रुटी जाहीर झाल्या. त्यांवरील दुरुस्त्यांमुळे जुन्या प्रोसेसरांचा वेग काही कामांत कमी होतो, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले होते. हा मंदपणा सुरक्षेसाठी स्वीकारलेला असतो. तो दूर करण्यासाठी संरक्षण बंद करणे योग्य मानले जात नाही.

निदान

पहिली पायरी प्रतीक्षेची आहे. संगणक वीजपुरवठ्याला जोडून काही तास, शक्य असल्यास रात्रभर चालू ठेवावा आणि नंतर 'रिस्टार्ट' करावा. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असल्यास 'शट डाउन' केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही. 'रिस्टार्ट' केल्यावर तो होतो. त्यामुळे संगणक रोज बंद करूनही न गेलेला अडथळा एका रिस्टार्टने जाऊ शकतो.

दोन दिवसांनंतरही मंदपणा टिकल्यास टास्क मॅनेजर पाहावा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर तो उघडतो. त्यातील प्रोसेसर, मेमरी व डिस्क या रकान्यांतील टक्केवारीवरून कारणाचा अंदाज येतो.

• कोणतेही काम चालू नसताना डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर हार्ड डिस्कचा अपुरा वेग, तिचा बिघाड किंवा रॅमची कमतरता संभवते.
• मेमरीचा वापर ८५ ते ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम अपुरी आहे.
• प्रोसेसरचा वापर सतत अधिक असेल, तर कोणती आज्ञावली तो व्यापते हे त्याच यादीत दिसते.
• तिन्ही आकडे कमी असूनही संगणक मंद असेल, तर ड्रायव्हर, उष्णता किंवा इंटरनेट जोडणी तपासावी.

यानंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह असलेले उपकरण आहे का ते पाहावे. डिस्कची प्रकृती तपासण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फोसारखी विनामूल्य आज्ञावली वापरता येते. तिने धोक्याचा इशारा दिल्यास इतर सर्व उपाय थांबवून आधी फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी.

उपाय

विनाखर्च उपाय

आपोआप सुरू होणाऱ्या अनावश्यक आज्ञावली टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागातून बंद करता येतात. ठसे घेणाऱ्या उपकरणाची किंवा डिजिटल स्वाक्षरीची सेवा मात्र बंद करू नये. ती बंद झाल्यास केंद्राचे काम थांबते. दोनपैकी एकच विषाणूरोधक आज्ञावली ठेवावी. प्रणालीसोबत येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर सामान्य वापरास पुरेसा असतो. 'डिस्क क्लीनअप' किंवा 'स्टोरेज सेन्स' वापरून तात्पुरत्या फाइली काढाव्यात आणि सी ड्राइव्हचा सुमारे १५ ते २० टक्के भाग मोकळा ठेवावा. ड्रायव्हर संगणकाच्या किंवा उपकरणाच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावेत. मोबाइलच्या जोडणीवर 'मीटर्ड कनेक्शन' हा पर्याय निवडल्यास कामाच्या वेळेत मोठी अपडेट आपोआप उतरत नाहीत. संगणक पूर्ण बंद करून व वीजजोडणी काढून पंखे व पात्यांवरील धूळ साफ केल्यास उष्णतेमुळे आलेला मंदपणा कमी होतो.

सुटे भाग बदलणे

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा जुन्या संगणकाचा वेग वाढवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय समजला जातो. जुन्या डिस्कवरील सर्व मजकूर नव्या एसएसडीवर जसाच्या तसा उतरवता येतो, त्यामुळे आज्ञावली पुन्हा बसवाव्या लागत नाहीत. रॅम वाढवताना तिचा प्रकार तपासावा लागतो. डीडीआर३ व डीडीआर४ या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, लॅपटॉपची पट्टी आकाराने वेगळी असते आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकावरच जोडलेली असल्याने वाढवता येत नाही. नेहमीच्या ३२-बिट विंडोजला ४ जीबीपेक्षा अधिक रॅम वापरता येत नाही. तेथे आधी ६४-बिट आवृत्ती बसवावी लागते. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही.

मागील आवृत्तीवर परतणे

विंडोजमध्ये अपग्रेडनंतर सामान्यतः १० दिवसांच्या आत 'गो बॅक' हा पर्याय वापरून आधीच्या आवृत्तीवर परतता येते. मुदत संपल्यावर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर आपोआप काढला जातो आणि हा मार्ग बंद होतो. जागा मोकळी करण्याच्या घाईत हा फोल्डर आधीच काढून टाकल्यासही परतता येत नाही. म्हणून जोडलेली सर्व उपकरणे पहिल्या आठवड्यातच तपासून निर्णय घेणे सोयीचे असते. जुन्या आवृत्तीचा आधार संपला असल्यास परतणे हा तात्पुरताच उपाय ठरतो.

कोरी स्थापना

अनेक आवृत्त्या एकावर एक बसवलेल्या संगणकात जुन्या नोंदी व ड्रायव्हर साचलेले असतात. डिस्क कोरी करून प्रणाली नव्याने बसवल्यास हा भार जातो. तथापि त्यात सर्व आज्ञावली व उपकरणे पुन्हा जोडावी लागतात. त्यांच्या मूळ प्रती, परवाना क्रमांक व संकेतशब्द हाताशी असल्याशिवाय हा मार्ग स्वीकारू नये.

पर्यायी प्रणाली

विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकावर लिनक्सवर आधारलेली हलकी प्रणाली बसवता येते. लिनक्स मिंटची किमान गरज २ जीबी रॅम व २० जीबी साठवण असून ४ जीबी रॅमची शिफारस केली जाते. लुबुंटू हीसुद्धा अशीच एक हलकी प्रणाली आहे. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही लिनक्सवर आधारित आहे; तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. यांपैकी बऱ्याच प्रणाली डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. शाळेतील लेखन, वाचन व इंटरनेटच्या कामास त्या पुरेशा ठरतात. दूध संकलन केंद्र किंवा सेवा केंद्र येथे मात्र जोडलेल्या उपकरणांच्या आज्ञावली लिनक्सवर चालतात का, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

टाळावयाच्या गोष्टी

'एका क्लिकमध्ये संगणक वेगवान' अशी जाहिरात करणाऱ्या आज्ञावली बहुधा उपयोगी नसतात. त्यांपैकी काही स्वतःच भार वाढवतात किंवा घातक असतात. अपडेट कायमची बंद करणे, विषाणूरोधक संरक्षण काढून टाकणे आणि अनधिकृत प्रती बसवणे यांमुळे तात्पुरता वेग मिळाला, तरी माहितीची चोरी होण्याचा धोका वाढतो. सेवा केंद्राच्या संगणकावर नागरिकांची ओळखपत्रे व बँक तपशील हाताळले जातात, त्यामुळे तेथे हा धोका अधिक गंभीर असतो. विंडोज ११ च्या अटी चुकवून ती असमर्थित यंत्रावर बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

अपग्रेडपूर्वीची तयारी

अपग्रेडनंतरच्या बहुतेक अडचणी पूर्वतयारीने टाळता येतात. मायक्रोसॉफ्टच्या 'पीसी हेल्थ चेक' या साधनाने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करतो का ते कळते. महत्त्वाच्या फाइली व हिशेबाच्या नोंदी यांची प्रत बाहेरील डिस्कवर घेऊन ती उघडून पाहावी. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी उपलब्ध आहे का, हे पुरवठादाराकडे विचारावे. लॅपटॉप वीजपुरवठ्याला जोडलेला असावा आणि टेबलावरील संगणकास यूपीएस असावा. अपग्रेड चालू असताना वीज गेल्यास प्रणाली बिघडू शकते.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. शाळेत प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत, सेवा केंद्रात अर्जांच्या अंतिम मुदतीच्या आठवड्यात आणि कारखान्याच्या काट्यावर गळीत हंगामात अपग्रेड करू नये. एकाहून अधिक संगणक असल्यास आधी एकावर अपग्रेड करून आठवडाभर काम पाहावे आणि त्यानंतरच उरलेल्यांचा विचार करावा.

वाद व ग्राहकहक्क

नव्या प्रणालींमुळे जुनी उपकरणे मंदावतात, या तक्रारीवर मोबाइल फोनच्या संदर्भात कायदेशीर कारवाई झाली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अपडेटमुळे फोन मंदावल्याच्या प्रकरणात ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. जुन्या बॅटरीच्या आयफोनचा वेग अपडेटमधून कमी केला जात असल्याचे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. फोन अचानक बंद पडू नयेत हा त्यामागचा हेतू असल्याचे कंपनीने सांगितले. ही माहिती ग्राहकांना न दिल्याबद्दल फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीला अडीच कोटी युरो दंड झाला. भारतात जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने आयओएस १८ च्या अपडेटनंतरच्या तक्रारींवरून ॲपलकडे नोटिशीद्वारे उत्तर मागितले.

अपग्रेडनंतरचा प्रत्येक मंदपणा हेतुपुरस्सर असतो, असा निष्कर्ष या प्रकरणांवरून काढता येत नाही. अपग्रेडचे परिणाम आधी कळणे आणि परतीचा मार्ग उपलब्ध असणे हे ग्राहकहिताचे प्रश्न आहेत, हे मात्र त्यांतून अधोरेखित झाले.

जुना संगणक आणि ई-कचरा

विंडोज ११ ला इंटेलचे प्रामुख्याने आठव्या पिढीचे व त्यानंतरचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक अधिकृत अपग्रेडच्या कक्षेबाहेर राहिले. अशा वैयक्तिक संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. संस्थांसाठी ती सशुल्क असून कमाल तीन वर्षांची आहे.

निकामी झालेली उपकरणे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ च्या कक्षेत येतात. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू असून त्यांनुसार ई-कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे जाणे अपेक्षित आहे. संगणक देण्यापूर्वी त्याच्या डिस्कवरील माहिती कायमची पुसून टाकावी. मंदावलेला प्रत्येक संगणक मात्र कचरा नसतो. मुख्य फलक व प्रोसेसर चांगल्या स्थितीत असल्यास एसएसडी, रॅमची एखादी पट्टी किंवा हलकी संचालन प्रणाली यांच्या साहाय्याने तो शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या कामास आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो.